वरवट बकाल ते मलकापूर: ट्रकचा आवाज दाखवायला

माझे यजमान गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांचा जुना ट्रक माझा दीर गजानन चालवतो. या हंगामात ट्रकमधून दोन आवाज येत होते, एक बारीक शिट्टीसारखा आणि त्याच्याआड काहीतरी ठकठक. ब्रेकही कडक झाला होता. इंजिन नीट झालं तर गजानन कापसाची भाडी मारणार, नाही तर ट्रक भंगारात. ट्रक माझ्या नावावर, म्हणून मीही निघाले. सासूबाई दारात म्हणाल्या, "गाडी घेऊनच ये वं. लेकराची एवढीच एक वस्तू राह्यली."

शिट्टी तशी जुनीच. गावाच्या वळणावर ती ऐकू आली की आम्हा दोघींपैकी जी चुलीजवळ असेल ती तवा ठेवायची. हे हातपाय धुईपर्यंत पहिली भाकरी उतरायची.

भाड्याहून येताना हे रद्दीतली प्रवासाची पुस्तकं आणत. सातवी झालेली मी खरं वाचन त्यावरच शिकले. हिमालय वाचला, युरोप वाचला. यांच्या ट्रकच्या केबिनमध्ये मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले. वर त्यांचा पंचा अडकवलेला होता. कोणी काढला नव्हता.

संग्रामपूर, जळगाव जामोद, मग पूर्णेचा पूल ओलांडून नांदुरा, असा रस्ता. जुनी गाडी घेऊन जाणार असाल तर रिकामी न्या आणि उन्हाच्या आत निघा. सातपुडा मागे पडला, दोन्हीकडे कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या. चढाला ठकठक वाढायची, उताराला कमी व्हायची. गजानन म्हणाला, "वहिनी, गाडी दादासारखीच आहे. आवाज लय, पण दुखते कुठं ते सांगत नाही."

मला हसू आलं, मग नाही आलं.

नांदुऱ्याला आलूबोंडे आणि चहा घेतला. बोंडे गरम होते, पण मला एकच गेला. तिथून हायवे. मोठ्या गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जातात, आणि आमचा ब्रेक कडक. गजाननने सगळं अंतर डाव्या कडेनं काढलं.

मलकापूरच्या गॅरेजचे उस्ताद यांचे जुने ओळखीचे. मला पाहून त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "भाभी, बसा सावलीत. पैले ब्रेक पाहू." इंजिन बंद ठेवून त्यांनी ब्रेक चार-पाचदा दाबला, पाय तसाच ठेवला आणि चावी फिरवली. वाचकांनी हे लक्षात ठेवावं. इंजिन सुरू होताच ब्रेक पायाखाली थोडा बसला तर ठीक. आमचा दगडासारखा राहिला.

"कुठून तरी हवा खेचून राह्यली," ते म्हणाले. "अगरबत्ती आहे का गाडीत?"

होती. यांचा अर्धा पुडा देवाच्या फोटोमागे तसाच पडलेला. उस्तादांनी एक पेटवली आणि चालू इंजिनाजवळ ब्रेककडे जाणाऱ्या रबरी पाइपाच्या कडेनं हळूहळू फिरवली. धूर वर चालला होता. एका जागी तो एकदम आडवा वळला आणि पाइपात शिरला. तिथं सायकलची ट्यूब गुंडाळून सुतळीनं बांधलेली होती.

"तुमच्या मालकानंच बांधलं हे. मी म्हणलो होतो, बदला. म्हणे, चालते."

"चालतेच म्हणायचे ते सगळ्याले," गजानन म्हणाला.

नवा पाइप बसला. ब्रेक लोण्यासारखा झाला, शिट्टी बंद. गजाननने माझ्याकडे पाहून मान हलवली, मीही हलवली. एवढंच होतं तर!

उस्ताद मात्र हलले नाहीत. शिट्टी गेल्यावर खालचा ठोका उघडा पडला होता. तेराव्याचे पाहुणे परतल्यावर घर ऐकू येतं, तसा. त्यांनी इंजिनाच्या डिझेलच्या नळ्या एकेक करून सैल केल्या. तिसरी सैल करताच ठोका दबला, म्हणजे दोष तिथंच. मग इंजिनाचं थोडं ऑइल तसराळ्यात काढून उन्हात धरलं. काळ्या तेलात झिजलेल्या धातूची चांदीसारखी चमक होती.

"बेरिंग खाल्लं, भाभी. क्रँकही गेली. इंजिन बांधाले जेवढं लागीन, तेवढ्याची ही गाडी नाही."

"मी हळूच चालवीन ना, उस्ताद," गजानन म्हणाला.

"अन् चढावर लोडसकट बसली तर? मंग?"

गजानन माझ्याकडे पाहत होता. त्याची लहान लेकरं मला दिसत होती, आणि पूर्णेच्या पुढचा चढही. मी म्हटलं, "इथंच राहू द्या." केबिनमध्ये चढून पंचा काढला, घडी केली, पिशवीत घातला. भंगारवाला उस्तादांच्या ओळखीचा होता, सौदा नीट करून देतो म्हणाले.

परतीला यष्टी. बायकांना अर्धं तिकीट, गजाननला पूर्ण. तो खिडकीशी बसला. पूर्णेच्या पुलावर म्हणाला, "मलकापुरात ड्रायव्हर पाहिजेत म्हणे." मी हो म्हटलं.

गावच्या वळणावर यष्टीनं फुस्स करून ब्रेक मारला. घरी पोचलो तेव्हा तवा तापलेला होता.

"आवाज आला म्हणून ठेवला," सासूबाई म्हणाल्या. "गाडी कुठं लावली?"

"ती यष्टी होती, आई. गाडी नाही आली."

त्यांनी आधी माझ्याकडे, मग पिशवीतून डोकावणाऱ्या पंच्याकडे पाहिलं. तवा उतरवतील असं वाटलं. त्यांनी पिठाचा गोळा घेतला आणि थापायला लागल्या. "हात धू," म्हणाल्या. "तवा तापलाच आहे."

त्या दिवसापासून संध्याकाळची यष्टी फुस्स करते तेव्हा आम्ही दोघी मान वर करतो. मग जी चुलीजवळ असेल ती तवा ठेवते.