कनीशायच्या नकला आणि धाकट्याचा लॅपटॉप

कनीशाय किर्गिझस्तानातल्या उझगेनला, आमच्या गल्लीत, सून म्हणून आली तेव्हा पहिलं वर्षभर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. डोंगरातल्या मेंढपाळाची मुलगी. डोक्याला रुमाल, नजर खाली, हातात कायम चहाची किटली. सासरच्या माणसांची नावं सुनेनं घ्यायची नाहीत ही आमच्याकडची रीत, ती तिनं इतकी कडक पाळली की नवरा म्हणजे ‘हे’, सासू म्हणजे ‘अपा’ आणि दीर म्हणजे ‘धाकटे’, एवढेच तीन शब्द तिला येतात असं बायका गमतीनं म्हणत. त्यांच्या आणि माझ्या अंगणामध्ये एक मातीची भिंत, तीही खांद्याएवढी. मी शाळेत शिकवते, दुपारी घरी असते, त्यामुळे त्या घरातलं भांडं वाजलं तरी मला कळायचं.

एका दुपारी तिची सासू, सबीरा अपा, माझ्या दारावरून बाजाराला गेली. मला म्हणालीसुद्धा, “कांदे आणायचेत का तुला?” मी नको म्हटलं, आत आले, आणि भिंतीपलीकडून सबीरा अपाच ओरडली, “सूनबाई, हा चहा आहे की किटली विसळलेलं पाणी?” वाकून पाहिलं तर अंगणातल्या लाकडी बैठकीवर कनीशाय बसलेली, सासूचा पांढरा रुमाल सासूसारखाच कपाळाखाली ओढून बांधलेला, समोर लॅपटॉप. एक गुडघा चोळत ती साखरेचे खडे मोजत होती आणि दर खड्याला एक उसासा टाकत होती. अगदी तोच उसासा. मला हसू आवरेना.

तिनं वर पाहिलं आणि रक्त उतरल्यासारखी पांढरी पडली. “एजे, कुणाला सांगू नका हं.” एजे म्हणजे ताई. “ह्यांच्यासाठी आहे.”

हे म्हणजे तालाय. रशियात, येकातेरिनबर्गला, फरशा बसवायचं काम करायचा. त्यानंच एका कामगाराकडून जुना लॅपटॉप घेऊन तिला पाठवला होता, बोलायला. पण त्या वेळी आमच्या गल्लीत इंटरनेट इतकं रडकं होतं की चेहरा दिसायचा तर आवाज यायचा नाही. मग ती दुपारी रेकॉर्ड करून ठेवायची आणि बाजाराच्या दिवशी पोस्टाजवळच्या दुकानातून पाठवायची. पाववाली, मौलवी, शाळेची मुख्याध्यापिका, मीसुद्धा. ती सगळ्यांची नक्कल करायची. मी फळ्यावर लिहिताना मागे न बघता मुलांना कशी दटावते ते तिनं मला करून दाखवलं आणि मी आठवडाभर वर्गात अवघडून गेले.

“ह्यांना अपाच लागतात,” ती म्हणाली. “फोनवर म्हणतात, अपाचं कर ना. हसतात, मग गप्प होतात. मग म्हणतात, परत कर.”

आईची आठवण काढायची त्या माणसाची तीच तऱ्हा होती. हे मला समजलं, तिलाही समजत होतं.

मग एकदा पाहुण्यांच्या गडबडीत तिच्याच हातून त्या लॅपटॉपवर चहा सांडला. बटणं चिकटली, दिवा लागेना. त्याच सुमारास दिराचा, बेकतूरचा, लॅपटॉपही बिघडला. तो ओशला कॉलेजात शिकत होता आणि घरातला एकुलता एक शिकलेला म्हणून मिरवायचा. त्याच्या लॅपटॉपमधली डिस्क टकटक आवाज करत करत बंद पडली होती. तिच्या लॅपटॉपमधली डिस्क धड, बाकी सगळं मेलेलं. त्यानं दोन्ही पालथे घातले, स्क्रू काढले. कनीशायनं ते स्क्रू चहाच्या पियाल्यात धरले. मी तेव्हा भिंतीशी दोरीवरचे कपडे काढत होते.

“धाकटे, आता माझं आतलं सगळं गेलं का?”

“जातंय कुठं, वहिनी? भाडेकरू घर बदलतो तसं. डिस्क इकडची तिकडे गेली की सगळं सामान सोबत येतं.”

तिचा हात थांबला. “मग ते पुसून टाका. काही नाही त्यात, असंच आहे. ह्यांनी मला पाठवलेलं तेवढं ठेवा.”

“पुसतो, पुसतो. आधी चालू तर होऊ दे.”

त्यानं डिस्क खाचेत सरकवली, झाकण लावलं, बटण दाबलं. लॅपटॉप बराच वेळ गोंधळल्यासारखा घुरघुरला, दोनदा बंद पडून उठला आणि मग दिराच्या लॅपटॉपवर भावजयीचं नाव झळकलं. दोघंही हसली. तिला वाटलं, काम झालं. तो लॅपटॉप काखेत मारून आत गेला. त्या संध्याकाळी त्याच्या खोलीतून एकट्याचं हसणं ऐकू येत होतं.

सबीरा अपाची साठी त्यानंतरच्या शरदात आली. घोडा कापला, लाल तांदळाचा पुलाव शिजला, ओशपासूनचे नातेवाईक आले. अंगणात दस्तरखान, म्हणजे जेवणाची लांब कापडं, अंथरले, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. कनीशाय सकाळपासून उभी होती. बेकतूरनं टीव्ही बाहेर आणून लॅपटॉप जोडला आणि आईचे जुने फोटो लावले: मळ्यातली तरुण सबीरा, नवऱ्याबरोबरची सबीरा, मुलं मांडीवर घेतलेली सबीरा. लोक डोळे पुसत होते. मग तो म्हणाला, “आता आमच्या वहिनीकडून अपाला खास भेट.”

टीव्हीवर पांढरा रुमाल बांधलेली कनीशाय आली, “तुमच्या अपा आल्या हं,” असं नवऱ्याला सांगत.

आधी लोक पोट धरून हसले. साखरेचे खडे, गुडघा, उसासा. “हुबेहूब,” कुणीतरी म्हणालं. सबीरा अपाही हसत होती, हात गालावर ठेवून. कनीशाय किटली घेऊन जिथल्या तिथे थिजली होती. मग पुढचा तुकडा लागला. त्यात सासरा गेला तेव्हाचं रडणं होतं. आमच्याकडे मयताच्या घरी बाईनं सुरात, शब्द जुळवून रडायचं असतं, आणि सबीराचं रडणं गल्लीत नावाजलेलं. टीव्हीवरची सबीरा छाती पिटत गात होती, “माझा डोंगर कोसळला, माझी सावली गेली...” आणि दर ओळीनंतर बोटांच्या फटीतून दाराकडे बघत होती, कुणी मेंढी आणली, कुणी नुसतीच साखर. शेवटी तर सूर न मोडता म्हणाली, “माझी सावली गेली, आणि ओशची नणंद रिकाम्या हातानं आली.”

सबीराची ती ओशची नणंद समोरच बसली होती.

अंगणात पुलावाच्या कढईखालचा जाळ तेवढा ऐकू येत होता. बेकतूरला आपण काय केलं ते तेव्हा कळलं असावं. तो बटणं दाबत राहिला. सबीरा अपानं हात वर करून त्याला थांबवलं. ती अजून हसत होती.

“छान करते,” ती म्हणाली. “बरं का, माझी सून कलावंत निघाली. ये इकडे. त्या डबड्यात कशाला, समोर कर.”

“अपा, नको.”

“मुलाला करून दाखवतेस, मग आईला का नाही? किटली ठेव.” तिनं स्वतःच्या डोक्यावरचा रुमाल सोडला आणि सुनेच्या हातात दिला. “हा घे. खरा घे. रडण्याचं कर.”

कनीशाय बैठकीसमोर उभी राहिली. पहिल्या ओळीला आवाजच फुटला नाही. “मोठ्यानं,” सबीरा म्हणाली, “मागच्यांना ऐकू आलं पाहिजे.” तिनं परत सुरू केलं. माझा डोंगर कोसळला. तिसऱ्या ओळीला तिला खरं रडू फुटलं, नाकातोंडातून पाणी, श्वास अडकलेला. पाहुण्यांना वाटलं, हेही नकलेतलंच. मगाशी अवघडलेले लोक सुटल्यासारखे हसायला लागले. दोघातिघांनी फोन काढले. ओशची नणंद सगळ्यात जोरात हसत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या फोनवरून तालायला लावला. मी बाजूला झाले, पण त्याचा आवाज मोठा होता.

“तू रडण्याचं कशाला केलंस? आईच्या रडण्याची कुणी चेष्टा करतं?”

“तुम्हीच म्हणालात, परत कर. तीन वेळा म्हणालात.”

“मी हसलो फक्त. केलंस तू. सोस आता थोडं. वय झालंय तिचं.”

सबीरा अपानं तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, बाहेर काढलं नाही. घरी कुणी आलं की चहा व्हायचा, नान मोडला जायचा आणि ती म्हणायची, “सूनबाई, मला करून दाखव.” मीटर बघायला आलेल्या माणसासमोरही तिला करावं लागलं. लोकांना चटक लागली. लग्नाकार्याला बोलावताना म्हणू लागले, “सुनेला आणा हं.” सबीरा तिला घेऊन जायची, मधोमध बसायची, आणि हसणाऱ्यांकडे बघत सांगायची, “बघा, मी हिला पोरीसारखी वागवते आणि ही माझी अशी किंमत करते.” दोन्ही बाजूंनी सबीराचंच वजन वाढायचं.

एकदा कनीशायची आई डोंगरातून आली, कुमिसची, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कातडी पिशवी घेऊन. सबीरानं तिला मानाच्या जागी बसवलं, चांगलं खाऊ घातलं आणि मग मुलीला उभं केलं. त्या बाईला वाटलं काही गंमत आहे. आधी तीही हसली. मग तिचं हसू ओसरलं. जाताना दारात ती मला म्हणाली, “लहानपणी ही कोल्ह्याची नक्कल करायची. मेंढ्या बिथरायच्या.” रिकामी पिशवी उचलून ती निघाली. मुलीला घेऊन गेली नाही.

शेजारच्या गल्लीतल्या लग्नात हे संपलं. बायकांनी खोली भरलेली. सबीरा म्हणाली, “कर.” कनीशायनं त्या दिवशी रुमाल घेतला नाही. ती खाली बसली, पाय पोटाशी घेतले, आणि मांडीवर फोन आहे असं धरलं. तो स्कर्टला पुसला. बघितला. उशीखाली ठेवला. थोड्या वेळानं काढून परत बघितला. मग रिकाम्या खोलीला सांगावं तसं हळू म्हणाली, “कामात असेल.” परत उशीखाली. “चार्जिंग संपलं असेल त्याचं.”

बस, एवढंच. बायका हसायच्या तयारीत होत्या, त्यांची तोंडं तशीच उघडी राहिली. त्या खोलीत मुलगा रशियात नाही अशी आई क्वचितच असेल. एकजण उठून बाहेर गेली. कनीशाय मात्र थांबली नाही. परत फोन काढला, परत पुसला. खोटं कशाला सांगू, तिच्या चेहऱ्यावर तेव्हा दया नव्हती. सासू कशी बसली आहे हे ती डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती आणि तसंच करत होती, आत्ताचं, त्या क्षणाचं. सबीराचा हात गालाकडे गेला की हिचाही गेला.

सबीरा अपा उठली आणि चहा न घेता घरी निघाली. दारात तिला जोडा नीट घालता येईना. मीच तिला धरून आणलं.

सकाळी कनीशायचं बोचकं दाराबाहेर होतं. तालायनं फोनवरून तीनदा तलाक म्हटलं. फोन बेकतूरनं तिच्या कानाशी धरला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दिराला म्हणाली, “धाकटे, ती डिस्क तरी द्या. ह्यांनी मला पाठवलेलं आहे त्यात. ते बोलतात, हसतात.”

बेकतूरनं मान खाजवली. “वहिनी, ते कधीच उडवलं. प्रोजेक्टसाठी जागा लागत होती. नवीन करून घेतली डिस्क.”

“आणि माझं?”

“तुझं सगळ्यांकडे आहे की,” तो म्हणाला. टोमणा म्हणून नव्हे, खरंच तिची समजूत घालत होता. साठीच्या दिवशीचं ते रडणं तोवर ओशच्या बाजारात टॅक्सीवाल्यांच्या फोनवरही पोचलं होतं.

ती बोचकं उचलून माझ्या दारावरून गेली. मी थांब म्हटलं. तिनं ऐकलं नाही.

पुढे ती राजधानीत, बिश्केकला, एका शिवणाच्या कारखान्यात लागली. मी परीक्षेच्या कामाला तिकडे गेले तेव्हा तिला भेटले. तळघरासारखी लांब खोली, मशीनला मशीन लागलेली, हवेत कापडाची धूळ. जेवणाची सुट्टी होती, मुली लगमान, रश्शातल्या जाड शेवया, खात होत्या. ती माझ्यासाठी वाडगा घेऊन आली. अंगानं वाळली होती, केस कापले होते, रुमाल नव्हता. सासूबद्दल विचारलं नाही, नवऱ्याबद्दलही नाही. माझ्या शाळेचं छत दुरुस्त झालं का, हे विचारलं.

पलीकडच्या टेबलावर एका मुलीनं फोन भिंतीला टेकवून लावला आणि तो सूर सुरू झाला. माझा डोंगर कोसळला, माझी सावली गेली. मुली ओळीला ओळ म्हणू लागल्या; सगळ्यांना पाठ होतं. एकीनं बोटांची फट करून दाराकडे बघितलं आणि बाकीच्या टेबलावर हात आपटून हसल्या. पडद्यावर पांढऱ्या रुमालातली, नाक वाहणारी, सुजलेली बाई. या केस कापलेल्या बाईशी तिचा संबंध कुणाला लागणार?

मी तोंड उघडलं. कनीशायनं टेबलाखाली माझं मनगट धरलं, असं की मला दुखलं.

एक मुलगी वळून म्हणाली, “कनीशाय एजे, तुम्ही कधी हसतच नाही. बघा तरी, केवढी अवली बाई आहे ही.”

“पाहिलंय मी,” कनीशाय म्हणाली. तिनं वाडग्यातलं उरलेलं पिऊन टाकलं, हात पुसले, मशीनपाशी जाऊन बसली आणि सुट्टी संपायच्या आधीच बाह्या जोडायला घेतल्या.