गाव सूर धरेल का?

एत्लेवा अल्बानियात, तिरानाच्या हॉटेलांत जॅझ गायची आणि मी मागे डबल बेस वाजवायचो, म्हणजे माझ्याहून उंच लाकडी बाईला मिठी मारून उभा राहायचो. गिऱ्हाईक मासे खायचं, आम्ही परदेशी गाणी उरकायचो. एकदा ऐन जेवणाच्या वेळी वीज गेली आणि विजेवरचा पियानो मुका झाला. अंधारात घाबरून एत्लेवानं तोंडाला आलं ते गायलं: दक्षिणेच्या डोंगरात, लाबेरियात तिचं गाव, तिथलं लढाईवर गेलेल्या मुलाचं गाणं. सवयीनं त्यात जॅझची वळणं घुसली. मी खाली एकच सूर लांबवत राहिलो. काटे-चमचे थांबले.

तिथून तिचं नशीब उघडलं. व्हिएन्ना, लिस्बन, रेडिओ. सगळीकडे तेच गाणं. फक्त गाणं जिथलं, त्या गावात तिनं तोंड उघडलं नव्हतं.

कारण तिथली रीत. एक जण गाणं उचलतो आणि बाकीचे खाली ‘ए-ए-ए’ असा सूर धरतात. गाणं पटलं नाही तर शिव्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. म्हातारे नुसते सूर धरत नाहीत, सिगरेट पेटवतात. ज्याला असं उघड्यावर सोडलं, तो पुन्हा त्या गावात गात नाही.

एका ऑगस्टमध्ये गावातून सेल्फोकाकांचा फोन आला, सूर धरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या म्होरक्याचा. “पोरी, सगळ्या जगाला ऐकवलंस. आता जत्रेत आम्हालाही ऐकव.”

“ही धमकी आहे,” एत्लेवा मला म्हणाली.

“अगं, आमंत्रण आहे.”

“आमच्याकडे दोन्ही एकाच आवाजात देतात.”

घाटात तिनं मला गाडी थांबवायला लावली आणि माघारी फिरव म्हणाली. “व्हिएन्नात एवढ्या लोकांपुढे गायलीस की!” मी म्हटलं.

“त्यांना काय कळत होतं?”

चौकात चिनाराखाली पांढऱ्या लोकरी टोप्या घालून चार म्हातारे बसले होते. सेल्फोकाकांनी माझ्या बेसकडे पाहिलं. “ही शवपेटी कुणाची?”

“वाद्य आहे, काका.”

“मग ठेव बाजूला. सूर आम्ही धरू. धरायचा असला तर.”

मी बेस चिनाराला टेकवून ठेवला.

एत्लेवानं गाणं उचललं. सरळ, साधं, अगदी गावासारखं. एकही वळण नाही. हुशार आहे, मी मनात म्हटलं. पहिली ओळ संपली. खाली काहीच नाही. दुसऱ्या ओळीला लायटर खटकन वाजला. तिचा चेहरा शेळीच्या चीजसारखा पांढरा पडला आणि ती थांबली. गाडीची किल्ली कुठल्या खिशात आहे, ते मी चाचपून पाहिलं.

“कुणाचं गाणं गायलीस?” काकांनी विचारलं.

“आपलंच, काका.”

“आपलं आम्हाला येतं. त्यासाठी तिरानाहून कशाला बोलावू? रेडिओवर तू मधेच पाय घसरलेल्या शेळीसारखी घरंगळतेस नि सावरतेस. ते कुठंय?”

“ते… चालेल तुम्हाला?”

“गायल्याशिवाय कसं सांगू? दुसऱ्याचा आवाज पांघरून आलेल्याला सूर धरत नसतो आम्ही.”

आता लपायला जागा उरली नाही. हे नाही पटलं, तर ती स्वतःच पटली नाही. तिनं डोळे मिटले, पहिल्या ओळीवर चढली आणि आपल्या जॅझच्या वळणावर घसरली. जमिनीखालून यावा तसा काकांचा सूर आला. मग आणखी दोघांचा. चौथा म्हातारा उठला, खुर्ची उचलली आणि घरी चालू लागला.

एत्लेवानं एक डोळा उघडून त्याची पाठ पाहिली. आवाज थरथरला, पण तुटला नाही. गाणं संपलं तरी तिघे आळीपाळीनं श्वास घेत सूर धरूनच होते. ‘आवर आता,’ मी हातानं खुणावलं.

तिनं घाबरून नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा पहिली ओळ उचलली. खाली सूर असताना थांबायची तिची छाती होईना.