दुसरी सुई

सत्यवती कोळी पनवेलच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. उरणच्या कोळीवाड्यातून नर्सिंग शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी. सोळा वर्षांच्या नोकरीत तिचा आवाज कधी चढला नव्हता. तो चढला एकोणीसशे एकोणसाठ सालच्या वैशाखातल्या एका दुपारी.

त्या दुपारी जासईच्या मिठागरावरचा काशीराम डोकं गच्च धरून आला. नाकातून रक्त, प्रेशर दोनशे चाळीस. डॉक्टर गुप्त्यांनी सर्पगंधेपासून काढलेल्या औषधाची सुई त्याच्या दंडात टोचली.

"गोळीला दिवस लागतात. सुई म्हणजे लगेच," ते म्हणाले.

हे 'लगेच' ऐकून ऐकून सत्यवतीला वीट आला होता. गोळीपेक्षा सुई लवकर, हे खरं. पण सुईलाही दोन-अडीच तास लागतात, हे तिने रोग्यांच्या उशाशी बसून पाहिलं होतं. दर पंधरा मिनिटांचे आकडे ती जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे लिहून ठेवी. अकरा रोगी झाले. पहिल्या तासात एकाचंही प्रेशर हललं नव्हतं. शिरेतून देताच वीस मिनिटांत प्रेशर उतरवणारं औषध मुंबईत मिळे, इथे नाही.

अर्ध्या तासाने दोनशे अडतीस.

"बाय, कायच फरक नाय!" काशीरामची बायको गुणाबाई रडकुंडीला आली. "अजून एक सुई द्या ना!"

"थांब गो, वेळ लागतो तिला."

पण डॉक्टरांनी सिरिंज उचललीच होती. सत्यवती म्हणाली, "डॉक्टर, पहिलीचा गुण अजून यायचाय. दोन्ही एकदम लागू पडतील."

"बाई, डॉक्टर तुम्ही की मी?"

तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा ऐकलं नाही, दुसरी सुई टोचलीच.

साडेचारला प्रेशर ऐंशीवर आलं. काशीराम घामाने थबथबला, हाक मारली तरी ओ देईना. डॉक्टर तिसऱ्या सुईसाठी भरलेली सिरिंज हातात धरून नुसतेच उभे.

"ती सिरिंज ठेवा खाली!" सत्यवती ओरडली. "खाटेच्या पायथ्याखाली विटा लावा, पाय उंच करा! सलाइन आणा!"

डॉक्टर पळाले, स्वतः विटा घेऊन आले. दिवेलागणीला काशीरामने डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा कुठे गुणाबाई भिंतीला टेकली.

सत्यवतीने कॅलेंडरच्या पानांवरच्या आकड्यांचं सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी ती पानं मागून घेतली, उभ्या उभ्याच वाचली. मग म्हणाले, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

सत्यवती म्हणाली, "सांगितलं होतं. दोनदा."

काशीराम गोळ्या घेऊन घरी गेला आणि महिन्याने पुन्हा आला. प्रेशर दोनशे दहा. गोळ्यांची पुडी तशीच्या तशी खिशात.

"डोकं दुखायचं थांबलं व्हतं, मग कशाला खायच्या? तुमी सुई द्या बाय. तिचा गुण लगेच येतो."

सत्यवतीने कपाळावर हात मारला. मग पुडीतली एक गोळी काढली, पाण्याचा पेला त्याच्यापुढे आदळला आणि म्हणाली, "आ कर."