बेथ्यूनला नेलेलं अर्धं नाव

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला तिच्या नवऱ्याचं नाव तुम्ही कधी विचारलंय का? मी विचारलं नाही, आणि फ्रान्समधला अख्खा दिवस वाया घालवून आलो.

कवठे येमाईहून निघताना शेजारच्या हौसामावशीनं मला अडवलं. तिचा नवरा पन्नासेक वर्षांपूर्वी, पहिल्या महायुद्धात, खेचरं हाकायला पलटणीबरोबर फ्रान्सला गेला, तो परतलाच नाही. तो गेल्याचा सरकारी कागद उंदरांनी खाल्ला.

"तिथं भिंतीवर नावं कोरल्यात म्हंत्यात," ती म्हणाली. "त्यांचं हाय का बघ. आसंल तर हात लाव."

बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये, या रूढीविरुद्ध मी पत्रकं छापली आहेत. तिच्या दारात मात्र माझी जीभ रेटेना. मी पारावरच्या आप्पांना गाठलं.

"दादू की! दादू बंडगर," आप्पा म्हणाले. मी लिहून घेतलं.

पॅरिसच्या युवक परिषदेत भाषणं ऐकून डोकं भणाणलं होतं. सुटीच्या एकुलत्या एका दिवशी पहाटेची बेथ्यूनची गाडी धरली. बाहेर सपाट रान, बिटाची शेतं, कोळशाच्या खाणींनी उपसलेले काळे ढिगारे. बेथ्यून जुनं गाव. चौकात बेफ्रुआ (घंटांचा मनोरा) उभा आहे, भोवतीची घरं मात्र त्या युद्धात पडून पुन्हा बांधलेली. वर चढायचं त्राण नव्हतं. फ्रित (तळलेल्या बटाट्याच्या फोडी) खाल्ल्या आणि हिंदी सैनिकांचं स्मारक जिथं आहे त्या नव-शापेलची बस पकडली.

तिथं शेताच्या कडेला गोल भिंत, उंच खांब, खांबाशी दगडी वाघ. भिंतीवर नावंच नावं, आपल्याकडची. आजवर भाषणांत मी या माणसांना 'फसवलेले हजारो' म्हणत आलो होतो. त्यातला एक शोधायला दोन तास लागले, आणि तो सापडला नाही. नोंदवहीत दादू नाही, बंडगरही नाही.

गवत कापणारा म्हातारा माळी जवळ आला. मी शोधत असलेलं नाव ऐकून मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "हे घरातलं नाव दिसतं. मला आई तितू म्हणायची. लष्करात तितू कुणालाच माहीत नव्हता."

मी वहीतल्या 'दादू'खाली रेघ ओढली.

परतीची बस चुकली. नवे बूट चावत होते. ते हातात घेऊन बेथ्यूनपर्यंत चालत आलो. गाडीत शेजारणीनं माझ्या पायांकडे पाहिलं आणि अर्धा पाव पुढे केला.

महिन्याभरानं दौंडला उतरलो, शिरूरमार्गे घरी आलो आणि पिशवी न ठेवता मावशीकडे गेलो. सगळं सांगितलं.

"आप्पाला कशापायी इचारलंस? मी काय मेले हुते?"

"तुम्ही घेतलं असतं नाव?"

"तू इचारलंस का?"

तिनं पदर पुढे ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "म्हादेव. म्हादेव धुळबा." पुन्हा एकदा म्हणाली, या वेळी मोठ्यानं. धुळबा म्हणजे तिचे सासरे; पलटणीत आडनाव नाही, बापाचं नाव लावलं होतं.

मला पुन्हा तिकडे जाता येईल असं दिसत नाही. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल, कुणाचा मुलगा, भाऊ तिकडे शिकत असेल, तर हे कापून पाठवा : म्हादेव धुळबा, खेचरांची पलटण, गाव कवठे येमाई. नाव सापडलं तर त्यावर हात ठेवा, आणि हौसाबाईला एक कार्ड टाका. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवीन. फक्त लवकर टाका.