श्नायडर म्हणजे कोण?

परवा माझ्या नातीची, रेवाची, होणारी सासू मुलाला घेऊन जर्मनीहून आली. मी साडी पुढे केली, तर बाईनं आधी काठ उलटा केला आणि फॉलची टीप पाहिली. मला हसूच आलं. आम्हा शिंप्यांच्या घरातही कापड असंच उलटं करून बघतात.

रेवा मात्र हिरमुसलेली. लग्नानंतर आपलं शिंपी आडनाव ठेवायचं की त्यांचं श्नायडर लावायचं, हे तिला ठरवता येईना.

तेवढ्यात जाऊबाईंना राहवलं नाही. "अगं, पण श्नायडर म्हणजे त्यांच्यात कोण?"

"शिंपीच!" रेवाचा नवरामुलगा हसून म्हणाला. त्यांच्या मधल्या नि दक्षिणेकडच्या मुलखात कापड बेतणारा तो श्नायडर, तोच उत्तरेकडे श्रोडर, आणि बोटीनं अमेरिकेला गेला की कुठे कुठे टेलर. आता त्यांतल्या कितीकांना सुईत दोरा ओवता येत नसेल, पण कुणा खापरपणजोबाची कात्री अजून नावात चालतेच आहे, नाही का?

"आजी, परकी नाही ना गं होणार मी?" रेवानं हळूच विचारलं.

"कुठलंही लाव, बाई," मी तिला जवळ घेतलं. "कशीही हाक मारली तरी ओ शिंप्याचीच लेक देईल."