आधी जमा, मग नोंद

आमच्या वाचनालयात देवघेवीच्या काउंटरवर दशरथ ओव्हाळ एकतीस वर्षं बसले आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी एकाही सभासदाची सबब ऐकून घेतली नाही. मी ग्रंथपाल, म्हणजे कागदोपत्री त्यांची साहेब. प्रत्यक्षात मीसुद्धा माझं पुस्तक त्यांच्यासमोर ठेवून गप्प उभी राहत असे. मुदत वाढवून हवी तर पुस्तक काउंटरवर आणायचं. ते आधी जमा करून घेणार, मग त्याच माणसाच्या नावावर पुन्हा नोंदवणार. "अहो, फोनवरच वाढवून टाका की," असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं. "जमा काय करायचंय, फोन की पुस्तक?"

हा माणूस घाबरलेला बघायची वेळ माझ्यावर येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

निवृत्तीनंतर मी कर्वेनगरात आणि ते येरवड्यात. फोनवर बोलणं व्हायचं. चौदा एप्रिलची जयंती झाल्यावर दोनच दिवसांनी, त्यांचा फोन आला. "मॅडम, दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलाय." पडद्याचा आजार होता. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. कडेचं दिसायचं, त्यामुळे चालणं-फिरणं व्हायचं आणि कुणाला संशय येत नव्हता. पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं व्हायचं.

"शालनला कळता कामा नये," ते म्हणाले.

शालनताई म्हणजे त्यांची बायको. दशरथरावांचे वडील शेवटी आंधळे झाले होते आणि शालनताईंनी त्यांना अकरा वर्षं हाताला धरून फिरवलं. जेवायला, मोरीत, संडासात, सगळीकडे. म्हातारे गेले त्या रात्री त्या उंबऱ्यावर बसून म्हणाल्या होत्या, "आता या जन्मात पुन्हा कुणाचा हात धरायचा नाही." ते दशरथरावांनी ऐकलं होतं.

"अहो, थकलेलं माणूस बोलतं असं," मी म्हटलं.

"थकल्यावरच माणूस खरं बोलतं, मॅडम."

कुणाला सांगणार नाही, असं मी कबूल केलं.

खरी पंचाईत आषाढी पौर्णिमेला सुरू झाली. त्यांच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात आणि बावीस वर्षं वाचक हेच. वाचायचं सोडलं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की ते घरी पोहोचणार. हिंजवडीत आयटीत नोकरी करणाऱ्या त्यांच्या नातीने, पूर्वाने, "फिरताना ऐका आजोबा" म्हणून वाचनालयाचं अ‍ॅप फोनवर घालून दिलं होतं. अक्षरंही बोटाएवढी मोठी करून दिली होती. बोलक्या पुस्तकांत तोच ग्रंथ होता. मग हे रोज बागेतल्या बाकावर बसून, कानात बोंडं घालून, त्या दिवसाची आठ पानं चारचारदा ऐकायचे, पाठ करायचे आणि संध्याकाळी ग्रंथ समोर उघडून अंदाजाने पान उलटत 'वाचायचे'.

"चोरी केल्यासारखं वाटतं," ते म्हणायचे.

"चोर एवढा अभ्यास करत नाहीत," मी म्हणायची. पण फोन वाजला की आधी मनात यायचं, पकडले गेले.

चौदाव्या दिवशी, रविवारी, संध्याकाळी पाचला फोन आला. आवाज ओळखू येईना.

"मॅडम, पुस्तक गेलं."

सकाळी घरी पाहुणे, म्हणून ऐकायचं राहिलं होतं. साडेचारला बागेत येऊन फोन उघडला, तर 'मुदत आज संपत आहे' असं आलेलं. खाली दोन बटणं, 'परत करा' आणि 'मुदत वाढवा'. फोन तिरका धरून, एकेक अक्षर डोळ्याच्या कडेने टिपत त्यांनी ते दहा मिनिटांत वाचलं होतं.

"मग वाढवा का नाही केलंत?"

"पुस्तक जमा केल्याशिवाय मुदत कशी वाढवणार?"

मी डोळे मिटून घेतले. त्यांनी शिस्तीत आधी जमा केलं आणि पुन्हा नोंदवायला गेले. वर्षावासात त्या ग्रंथावर उड्या पडलेल्या, अ‍ॅपवर प्रती दोनच. पुस्तक त्याच क्षणी पुढच्या माणसाकडे गेलं आणि यांचा क्रमांक आला सत्ताविसावा. दुसरं बटण दाबलं असतं तर आणखी चौदा दिवस मिळाले असते. काहीच केलं नसतं तरी रात्री बारापर्यंत ते त्यांच्याकडेच राहिलं असतं. एकतीस वर्षं इमानाने पाळलेला नियम अंगाशी आला होता, आणि तो नियम मी घालून दिला होता.

"साडेसहाला वाचन आहे," ते म्हणाले. "आज रविवार. विहार भरणार. शालनही येते रविवारी."

"दशरथराव, शालनताईंना सांगा. आत्ता सांगा."

फोन कट झाला. पुन्हा लावला, उचलला नाही.

मी कपाटातला तोच ग्रंथ घेऊन घरातल्याच साडीवर रिक्षा पकडली. बागेत गाठून आठ पानं वाचून दाखवू, एवढंच डोक्यात होतं. पुलावर रिक्षा वीस मिनिटं उभी. इतकी भीती मला माझ्या ऑपरेशनच्या वेळीही वाटली नव्हती. विहारात पोहोचले तेव्हा पावणेसात झाले होते आणि वंदना नुकतीच संपली होती.

पांढऱ्या साड्यांमधल्या बायका, पुरुष, मिळून चाळीसेक माणसं बसली होती. समोर दशरथराव, मांडीपुढे ग्रंथ उघडा. त्यांनी घसा खाकरला आणि वाचायला लागले. आवाज खणखणीत. पाचसहा वाक्यं झाली असतील.

"भाऊ, हे काल झालं," पहिल्या रांगेतल्या विमलाबाई म्हणाल्या.

त्यांनी पान उलटलं, पण तोंडून शब्द निघेना. बोट कागदावर फिरत होतं. कपाळावरचा घाम मला दारातून दिसला. ते म्हणतील, चष्मा विसरलो. कुणीतरी चष्मा आणायला धावेल. मग पुढे काय?

शालनताई उठल्या. त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या, पान नीट लावलं आणि मान खाली घालून पुटपुटल्या. दशरथरावांनी तेवढंच वाक्य मोठ्याने म्हटलं. मग पुढचं. तिसरीपर्यंतच शाळा झालेल्या शालनताई अडखळत होत्या, जोडाक्षराला थांबत होत्या. आठही पानं तशीच पार पडली. वाचन आज लांबलं, एवढंच लोक म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर त्या आधी माझ्याकडे आल्या.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. जन्मात कुणी मला इतकं बोललं नव्हतं.

मग त्या दशरथरावांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कठडा घट्ट धरला होता.

"किती दिसतं? खरं सांगा."

"कडेकडेचं दिसतं. तू दिसतेस. साडी दिसते."

"आणि?"

"तोंड दिसत नाही तुझं," ते म्हणाले. "एप्रिलपासून नाही पाहिलं."

शालनताई समोरून सरकल्या आणि त्यांच्या डाव्या खांद्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. दशरथराव समोर रस्त्याकडेच बघत होते.

"आता दिसतं?" शालनताईंनी विचारलं.