लांब टाक्यांची गोधडी

सासूबाईंना लकवा झाला तेव्हा त्या माझ्या मुलीसाठी गोधडी शिवत होत्या. निम्मी झाली होती. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आल्या, तर उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा. बोलणं तेवढं शाबूत होतं. गोधडी दिसली की त्या तोंड फिरवायच्या, म्हणून मी ती गुंडाळून दिवाणाच्या कोपऱ्यात ठेवून दिली. मला शिवणकाम येत नाही.

वेचणीचे दिवस होते. नवरा दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, मुलगी शाळेत. मी सकाळीच बायांसोबत कापूस वेचायला जायची. दिवसभर घरात सासूबाई आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, दोघंच.

एका रविवारी गोधडी ऊन द्यायला काढली. सुई हिरव्या ठिगळापाशी थांबली होती, हे मला पक्कं आठवत होतं. आता ती चार ओळी पुढे होती. टाके लांब लांब, पण ओळ सरळ.

"आई, हे कोनं शिवलं?"

"मीच शिवलं असन आजाराच्या आदी. तुले ध्यान नसन."

मी शेजारच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मले सुईचं नाकं दिसत नाही बाई, मी कायले हात लावू?" पुढच्या रविवारी आणखी पाच ओळी वाढल्या होत्या. बंजारा तांड्यावरची एक बाई आमच्याकडे वेचणीला यायची. तिच्या ओढणीवरचं तिनंच केलेलं भरतकाम बघत राहावं असं. तिला मी गोधडीचा कोपरा दाखवला. तिनं टाक्यावरून अंगठा फिरवला आणि हसली.

"हा बाईचा हात नाही. पोत्याचं तोंड शिवते तसा टाका हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्याची कॅन भरायच्या निमित्तानं मी घरी आले. खिडकीतून आत पाहिलं आणि तिथेच थांबले. मामाजी जमिनीवर मांडी घालून बसले होते, गुडघ्यांवर गोधडी. सासूबाई खाटेवरून डाव्या हातानं दाखवत होत्या.

"लहान घ्या टाका. पोरीच्या पायात अटकन."

"लहानच घेऊन राह्यलो."

"हे लहान होय?"

मामाजींनी टाका उसवला. या माणसाला जेवलेलं ताट उचलताना मी कधी पाहिलं नव्हतं. सुई टोचली तसं त्यांनी बोट तोंडात घातलं आणि घाईनं दाराकडे बघितलं. सासूबाई हसल्या. आजारपणानंतर त्यांचं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं. कॅन न भरताच मी शेतात परत गेले.

कोणाला काही बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. पण एका सकाळी मी भाकरी थापत असताना मामाजी हातात रीळ घेऊन चुलीपाशी आले.

"बाई, सुई ओवून दे जरा. पोतं शिवाचं हाय."

सुई बारीक होती, पोत्यात मोडली असती. मी हात धुतले, ती ओवली, आणि डब्यातल्या आणखी तीन ओवून दिल्या.

"चार कायले?"

"पोतं मोठं असन, मामाजी."

ते माझ्याकडे न बघताच गेले.

संक्रांतीला नणंद आली तोवर गोधडी पुरी झाली होती. तिनं ती अंगणात पसरली.

"आई, तुह्या हात सुधरला वाटते."

मामाजी उठून गोठ्याकडे निघाले.

"माह्या हात तसाच हाय," सासूबाई म्हणाल्या. "हे तुह्या बाबानं शिवली."

मामाजी पाठमोरेच उभे राहिले. नणंद हसेल असं मला वाटलं, पण ती हसली नाही. टाक्यांवरून बोटं फिरवत ती पार शेवटच्या काठापर्यंत गेली.

"बाबा, माह्या पोरीले पन एक पायजे."

मामाजी वळले. मग म्हणाले, "जुनी लुगडी घेऊन ये मंग. नरम पाहून आनजो."